गुरुग्राम : सोळा पदरी रस्त्यावर दोन चाकं

दिल्ली पाहायला गेलेला मराठी माणूस लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो, करोलबागेत खरेदी करतो आणि आग्र्याची गाडी पकडतो. गुरुग्रामला तो मुद्दाम जात नाही. पण हल्ली पुष्कळ मराठी घरांतला एखादा मुलगा, भाचा किंवा जावई तिथल्या एखाद्या कंपनीत नोकरीला असतो. मग सुट्टीत आईवडील त्याच्याकडे चार दिवस राहायला जातात. विसाव्या-बाविसाव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहून सकाळचा चहा घेताना खाली नजर जाते आणि ते थक्क होतात. केवढे हे रस्ते! केवढ्या या मोटारी!

नजर जरा वेळ तिथेच ठेवली, तर रस्त्याच्या अगदी कडेला आणखी काहीतरी हलताना दिसतं. सायकली. पहाटेच्या धुरकट उजेडात, एकामागोमाग एक. कुणाच्या हँडलला जेवणाचा डबा अडकवलेला, कुणाच्या कॅरियरला रंगाचा डबा आणि ब्रश बांधलेला, कुणाच्या अंगावर रात्रपाळीच्या वॉचमनचा निळा शर्ट. शेजारून मोटारी सुसाट जात असतात. प्रत्येक मोटार गेली की सायकल किंचित डगमगते, पुन्हा सावरते आणि पुढे जाते.

गुरुग्राम समजून घ्यायचं असेल, तर तिथल्या काचेच्या इमारतींपेक्षा रस्त्याच्या या कडेकडे पाहायला हवं.

गुरूचं गाव, मोटारींचं शहर

या गावाचं नाव जुनं आहे. पांडवांनी आपले गुरू द्रोणाचार्य यांना हे गाव दिलं आणि म्हणून ते गुरुग्राम झालं, अशी आख्यायिका आहे. लोकांच्या तोंडी ते ‘गुडगाव’ होतं. २०१६ साली हरियाणा सरकारने पुन्हा ‘गुरुग्राम’ असं अधिकृत नामकरण केलं. मेट्रोच्या एका स्टेशनलाही गुरू द्रोणाचार्यांचं नाव आहे. शहराच्या एका टोकाला खांडसा नावाचं गाव आहे. तिथे एकलव्याचं छोटंसं मंदिर आहे. एवढ्या मोठ्या शहरात ते शोधत जाणारे थोडेच.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत इथे शेती होती, शीतला मातेची जत्रा होती, सदर बाजार होता आणि रेल्वेचं लहानसं स्टेशन होतं. मग मोटार आली आणि तीही इथेच जन्माला आली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० इथल्या कारखान्यातून बाहेर पडली आणि भारतातल्या मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहू लागली. पुढे मोटारसायकलींचे कारखाने आले. लुधियान्यात सायकली तयार करून नावारूपाला आलेल्या हिरो समूहाने जपानी होंडाबरोबर मोटारसायकली काढल्या आणि त्यांचा एक कारखाना इथे उभा राहिला. तिथल्या चौकाला लोक अजूनही ‘हिरो होंडा चौक’च म्हणतात, कंपन्यांची फारकत होऊन कितीतरी वर्षं झाली तरीही. सायकलवरून मोटारसायकलकडे आणि मोटारसायकलवरून मोटारीकडे गेलेल्या देशाची गोष्ट या एका शहरात वाचता येते.

जानेवारी २००८ मध्ये दिल्ली-गुडगाव द्रुतगती महामार्ग सुरू झाला. २०१० साली मेट्रो आली. गोल्फ कोर्स रोड सोळा पदरी झाला. चौकाचौकांत भुयारी मार्ग काढून सिग्नल हटवण्यात आले. मोटार कुठेही थांबू नये, असा हा बेत होता आणि तो साधलाही. मात्र जो मोटारीत नाही त्याने रस्ता कुठे ओलांडायचा, हा प्रश्न त्या नकाशात मागेच राहिला.

दोन तऱ्हेचे सायकलस्वार

गुरुग्राममध्ये सायकल चालवणारे दोन तऱ्हेचे लोक आहेत.

पहिली तऱ्हा रविवारी पहाटे दिसते. डोक्यावर हेल्मेट, अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे, पुढे पांढरा आणि मागे लाल लुकलुकणारा दिवा. सायकलीची किंमत एखाद्या स्कूटरहून जास्त. यांत इंजिनियर असतात, बँकेतले अधिकारी असतात, डॉक्टर असतात. गटागटाने ते गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्याने ग्वाल पहाडीकडे निघतात. हा रस्ता अरवलीच्या डोंगरांतून जातो. दोन्ही बाजूंना बाभळीची काटेरी झाडी, मधूनच एखादा मोर, आणि चढ इतकाच की दम लागावा पण हार मानू नये. काहीजण सोहन्याच्या दिशेने दमदमा तलावाकडे जातात, काहीजण सुलतानपूरच्या पक्षी अभयारण्याकडे. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पाहुणे पक्षी उतरलेले असतात.

दुसरी तऱ्हा रोजची. सोमवार ते शनिवार आणि बहुतेक वेळा रविवारीही. दिल्लीच्या हद्दीला लागून डुंडाहेडा नावाचं गाव आहे. शेजारीच उद्योग विहार ही औद्योगिक वसाहत. डुंडाहेड्यातल्या एकेका खोलीत बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडचे चार-चार, पाच-पाच कामगार राहतात. कपडे शिवण्याच्या कारखान्यांत, कुरियरच्या गोदामांत, काचेच्या इमारतींच्या साफसफाईत त्यांचा दिवस जातो. चक्करपूर, वझिराबाद, सुखराली, झाडसा ही अशीच जुनी गावं. भोवती शहर उभं राहिलं आणि गावं मधे अडकली. या गल्ल्यांतून सकाळी ज्या सायकली बाहेर पडतात त्यांना ना दिवा असतो, ना गियर. कित्येकांना तर घंटीही नसते. रिक्षाचे पैसे वाचले तरच महिन्याच्या शेवटी घरी मनीऑर्डर जाणार, असा हा हिशोब.

पहिल्या तऱ्हेच्या सायकलस्वाराला धक्का लागला, तर त्याची बातमी होते. मित्रमंडळी मेणबत्त्या घेऊन जमतात, पोलीस आयुक्तांना निवेदन दिलं जातं. दुसऱ्याच्या बाबतीत बहुधा पंचनामा होतो आणि गावाकडे एक फोन जातो. पण मागून येणाऱ्या मोटारीला हा फरक कळत नाही. तिच्यासमोर दोघंही सारखेच उघडे असतात. म्हणूनच जो बोलू शकतो त्याने दोघांच्या वतीने बोलायला हवं.

राहगिरीचा रविवार

या शहराने एक फार चांगली गोष्ट करून दाखवली आहे, ती सांगितलीच पाहिजे. १७ नोव्हेंबर २०१३ चा रविवार. त्या सकाळी गुडगावातले काही रस्ते मोटारींसाठी बंद झाले. नागरिकांच्या संस्था, सायकलस्वारांचे गट, महापालिका आणि पोलीस यांनी एकत्र येऊन हा उपक्रम सुरू केला. त्याला नाव दिलं ‘राहगिरी’. राहगीर म्हणजे वाटसरू, त्यावरून राहगिरी.

पोलिसांनी कठडे लावले आणि ज्या रस्त्यावर एरवी पाऊल टाकायची भीती वाटावी, तिथे मुलं सायकल शिकू लागली. आज्या हातात हात घालून चालू लागल्या. कुणी योगासनं केली, कुणी बॅडमिंटनची जाळी लावली. कल्पना मूळची दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची. तिथल्या बोगोटा या राजधानीत १९७४ पासून हा प्रयोग चालू आहे. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे केले जातात. गुडगावचं पाहून २०१४ साली दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये राहगिरी झाली, मग इतर शहरांत. गुरुग्राममध्ये पुढे तिच्या जागा बदलत गेल्या, मधेमधे खंडही पडला. पण लोक तिला विसरले नाहीत.

राहगिरीने एक गोष्ट सिद्ध केली. रस्ता तोच होता, माणसंही तीच होती. फक्त पोलीस उभे राहिले आणि मोटारी थांबल्या, एवढ्यानेच तो सुरक्षित झाला. मग साहजिकच मनात येतं, रविवारी चार तास जे जमतं, त्यातलं थोडं तरी सोमवारी सकाळी का जमू नये? सोमवारी रस्ता बंद करता येणार नाही, हे खरं. पण बेदरकार गाडी हाकणाऱ्याला तर थांबवता येईल?

पाच सेकंदांचा खेळ

धोका नेमका कसा असतो, हे आकड्यांत पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेला सायकलस्वार त्याच सेकंदात चार मीटर जातो. म्हणजे समोर ९० मीटरवर दिसणारी सायकल मोटार पाच सेकंदांत गाठते. या पाच सेकंदांत चालकाने मोबाइलवरचा एक निरोप वाचला, तर सगळंच संपलं. वेग थोडासा वाढला तरी धोका थोडासा वाढत नाही, तो कैक पटींनी वाढतो. ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटर वेगाने मोटार आदळली, तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सायकलस्वाराचं शरीरही पादचाऱ्याइतकंच उघडं.

भारतात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मरण पावली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. बहुतेक मृत्यूंचं कारण सरकारी अहवालात एकच आहे : अतिवेग.

गुरुग्राममध्ये आणखी एक रोग आहे, उलट्या दिशेने गाडी घालण्याचा. सिग्नल नाहीत, वळण घ्यायचं तर दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊन यावं लागतं. मग माणूस म्हणतो, ‘जाऊ या असेच, दोनच मिनिटांचा तर प्रश्न!’ १५ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी सकाळी गोल्फ कोर्स रोडवर असंच झालं. उलट्या दिशेने एक मोठी मोटार आली आणि समोरून येणारा मोटारसायकलवरचा तेवीस वर्षांचा तरुण तिच्यावर आदळून जागीच गेला. मागून येणाऱ्या त्याच्या मित्राच्या कॅमेऱ्यात ते सगळं चित्रित झालं आणि देशभर पाहिलं गेलं. मोटार चालवणाऱ्याला अटक झाली, पण जामीनही लगेच मिळाला. लोक संतापले. त्यानंतर उलट्या दिशेने येणाऱ्यांविरुद्ध पोलिसांनी मोहीम उघडली. मोहीम चांगलीच. पण ती एका आईबापांचा मुलगा गेल्यावर आली.

हेल्मेट, जाड जाकीट आणि शंभर किलोहून जड मोटारसायकल असूनही तो तरुण वाचला नाही. मग साध्या सायकलवरच्या रंगाऱ्याचं काय?

कायद्याच्या पुस्तकात सगळं आहे

‘आपल्याकडे कायदाच नाही हो,’ असं आपण सहज बोलून जातो. ते खरं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ यातलं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ती लागू झाली. धोकादायक म्हणजे काय, हे त्यात आता स्पष्ट लिहिलं आहे. लाल दिवा तोडणं, हातात फोन धरून गाडी चालवणं, नियम मोडून दुसऱ्या वाहनाला मागे टाकणं, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने जाणं, आणि एखाद्या सावध, जाणत्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फारच खाली उतरणारं कसलंही वागणं.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड. दारू पिऊन गाडी चालवली, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याबद्दल कलम २८१ आहे आणि निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याबद्दल कलम १०६ आहे. जुन्या दंड संहितेत या मृत्यूला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता ती पाच वर्षांपर्यंत आहे.

यातली मेख लक्षात घ्या. कलम १०६ मृत्यू झाल्यावर कामाला येतं. कलम १८४ मात्र कुणालाही ओरखडा न उठता लावता येतं. सायकलला चाटून जाणारी मोटार आज थांबवली, तर उद्याचा पंचनामा टळतो. सायकलस्वाराचं रक्षण करणारा खरा कायदा हाच आहे. प्रश्न आहे तो वापरण्याचा.

तेवीस हजारांची पावती

सप्टेंबर २०१९ मध्ये नवे दंड लागू झाले आणि पहिल्याच आठवड्यात गुरुग्राम देशभर गाजलं. तिथल्या पोलिसांनी एका स्कूटरवाल्याला २३,००० रुपयांचं चलान दिलं. स्कूटरची बाजारातली किंमतही तेवढी नव्हती. त्याच्याजवळ परवाना नव्हता, नोंदणीचं पुस्तक नव्हतं, विमा नव्हता, धुराचं प्रमाणपत्र नव्हतं आणि डोक्यावर हेल्मेट नव्हतं. लोक हसले, हळहळले, रागावले.

या पावतीत एक धडा आहे. कागद नसल्याचा दंड उभ्या गाडीलाही करता येतो. चौकात थांबायचं, हात दाखवायचा, कागद मागायचे. सोपं काम. पण सायकलीला वीतभर अंतरावरून चाटून गेलेली मोटार पकडायची, तर पोलिसाला चालत्या रस्त्यावर नजर ठेवावी लागते, पाठलाग करावा लागतो, पुरावा गोळा करावा लागतो. म्हणून हे दुसरं काम मागे पडतं. गुरुग्रामच्या चौकाचौकांत आता कॅमेरे आहेत, लाल दिवा तोडला की मोबाइलवर चलान येतं. ही सोय झालीच पाहिजे होती. तरी कॅमेरा चौकात असतो आणि सायकलवाल्याचा जीव दोन चौकांच्या मधे धोक्यात असतो. कॅमेरा दिसला की ब्रेक लावायचा आणि तो मागे पडला की पुन्हा पाय दाबायचा, ही कला तर सगळ्यांना अवगत झाली आहे.

मुंबई-पुण्याला काय वेगळं?

‘ते उत्तरेकडचे लोक, त्यांना शिस्त नाही,’ असं म्हणून मराठी वाचकाने सुटका करून घेऊ नये. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. घराघरांत सायकल होती, तिच्यावर पालिकेचा बिल्ला असे. संध्याकाळी दिवा नसेल किंवा कुणी डबलसीट बसलं असेल, तर कोपऱ्यावरचा हवालदार हटकून अडवायचा. किती पुणेकरांनी पोलीस दिसताच टुणकन उडी मारून सायकल हातात धरली असेल! त्या काळी पोलीस सायकलवाल्याला पकडत. आज त्याने सायकलवाल्याला वाचवावं, अशी वेळ आली आहे. त्याच पुण्यात १९ मे २०२४ च्या रात्री कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या महागड्या मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याचं ऐकून साऱ्या महाराष्ट्राने कपाळाला हात लावला.

त्याआधी तीन महिने, २८ फेब्रुवारी २०२४ ला, नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर पहाटे सायकल चालवत असताना अवतार सैनी यांना टॅक्सीची धडक बसली आणि ते गेले. ते अडुसष्ट वर्षांचे होते. ‘इंटेल’ कंपनीच्या भारतातल्या कामाचे ते माजी प्रमुख. जगभरच्या लाखो संगणकांत ज्या चिप बसल्या, त्या घडवणाऱ्यांत त्यांचा मोठा वाटा होता. पाम बीच रोड आणि गोल्फ कोर्स रोड यांच्यात हजाराहून अधिक किलोमीटरचं अंतर आहे. स्वभाव मात्र एकच. रुंद, गुळगुळीत, मोह पाडणारा आणि पहाटे मोकळा.

पण महाराष्ट्राकडे एक चांगलं उदाहरणही आहे. २०२२ साली संजय पांडे मुंबईचे पोलीस आयुक्त असताना उलट्या दिशेने गाडी घालणाऱ्यांवर नुसती पावती न फाडता गुन्हे नोंदवायला सुरुवात झाली. त्याच मार्चमध्ये, २७ तारखेच्या रविवारी, मरीन ड्राइव्हसह शहरातले काही रस्ते सकाळी लोकांसाठी मोकळे झाले. ‘संडे स्ट्रीट्स’ असं त्याचं नाव. एका हाताने धाक आणि दुसऱ्या हाताने मोकळा रस्ता. आयुक्त बदलले की मोहिमा थंडावतात, हा आपला जुना अनुभव. पण मनात आणलं तर पोलीस काय करू शकतात, हे त्या काही महिन्यांत मुंबईने पाहिलं.

साध्या वेशातला सायकलस्वार

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या भागात वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१६ साली एक साधी युक्ती काढली. एक पोलीस साध्या कपड्यांत सायकलवर निघायचा. सायकलला कॅमेरा. एखादी मोटार त्याच्या फार जवळून गेली की तो पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला बिनतारी यंत्रावरून कळवायचा. सहकारी मोटार थांबवायचा. मग चालकापुढे दोन पर्याय असत. एक तर खटल्याला सामोरं जायचं, नाहीतर तिथेच दहा-पंधरा मिनिटं थांबून धडा घ्यायचा. जमिनीवर एक मोठी चटई अंथरलेली असे. तिच्यावर रस्ता, मोटार आणि सायकल यांची खऱ्या मापाची चित्रं. सायकलपासून किती अंतर ठेवायचं, ते तिथे उभं राहून डोळ्यांनी पाहायचं. पुढे इतर ठिकाणच्या पोलिसांनीही ही पद्धत उचलली. ब्रिटनच्या रस्त्यावरच्या नियमावलीत २०२२ पासून सायकलला मागे टाकताना निदान दीड मीटर अंतर ठेवावं, असं लिहिलेलं आहे. वेग जास्त असेल तर त्याहूनही जास्त.

गुरुग्राममध्ये हे का होऊ नये? त्यासाठी नवा कायदा नको, कलम १८४ पुरेसं आहे. महागडी यंत्रणाही नको. एक हवालदार, एक साधी सायकल, कपाळाएवढा एक कॅमेरा आणि पुढच्या वळणावर दोन शिपाई. तो हवालदार रविवारच्या रंगीत कपड्यांत नसावा. त्याने सोमवारी सकाळी साडेसहाला डुंडाहेड्यातून डबा लटकवून निघावं आणि उद्योग विहारापर्यंत जावं. दोन-तीन किलोमीटरच्या त्या प्रवासात त्याला जे कळेल, ते कचेरीत बसून वर्षभर अहवाल वाचले तरी कळणार नाही. आणि निळ्या शर्टातला वॉचमन कदाचित पोलीस असू शकतो, हे एकदा शहराला समजलं, की प्रत्येक निळ्या शर्टाला थोडी जागा मिळू लागेल.

सायकलवाल्याचीही काही जबाबदारी आहेच. लांबचं वळण टाळायला तोही पुष्कळदा उलट्या दिशेने येतो, अंधारात बिनदिव्याचा जातो. त्याला समजावलं पाहिजे, पण दंडाने नव्हे. त्याच्या सायकलीला मागे चमकणारी लाल पट्टी चिकटवून दिली, तर तिला खर्च किती येतो? आणि त्याच्या चुकीने बहुधा त्याचाच जीव जातो. मोटारवाल्याची चूक दुसऱ्याचा जीव घेते. कायद्याची काठी आधी कुणावर उगारायची, ते यावरून ठरावं.

जाणार असाल तर

गुरुग्राम पाहायचं असेल, तर नोव्हेंबर ते मार्च हे दिवस बरे. मात्र नोव्हेंबरात धूर आणि डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं असतं; तेव्हा सूर्य वर आल्याशिवाय सायकल बाहेर काढू नये. दिल्लीहून मेट्रोची पिवळी लाइन थेट जाते. तिचं शेवटचं स्टेशन आता मिलेनियम सिटी सेंटर या नावाने ओळखलं जातं. वाटेतल्या गुरू द्रोणाचार्य स्टेशनपासून अरवली जैवविविधता उद्यान जवळ आहे. एके काळी तिथे दगडाच्या खाणी होत्या. २०१० नंतर नागरिकांनी पुढाकार घेऊन अरवलीची मूळची झाडं तिथे पुन्हा लावली. खडकाळ पायवाटांवरून सकाळी तासभर चालावं, पक्षी ऐकावेत. सुलतानपूरसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

मुलाच्या किंवा जावयाच्या मोटारीतून फिरताना दोन गोष्टी त्याला प्रेमाने सांगाव्यात. पहिली, समोर सायकल दिसली की वेग कमी कर आणि दोन हात लांबून जा. जागा नसेल तर मागे थांब. दुसरी, गाडी उभी केल्यावर दार लांबच्या हाताने उघड. म्हणजे डाव्या बाजूला बसलेल्याने उजव्या हाताने आणि चालकाने डाव्या हाताने. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते आणि मागून येणारी सायकल दिसते. एवढ्याने एखाद्याचं हाड वाचतं. कुठे अपघात दिसलाच, तर ११२ नंबर फिरवावा आणि जखमीला दवाखान्यात न्यावं. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे.

आणि परत येण्याआधी एकदा पहाटे गॅलरीत जावं. खाली रस्त्याच्या कडेने ती रांग निघालेली असेल. या उंच इमारती त्यांनीच रंगवल्या, त्यांच्या फाटकांवर तेच रात्रभर जागले. सोळा पदरांच्या रस्त्यात त्यांचा असा एकही पदर नाही. द्रोणाचार्यांच्या गावाने एकलव्याकडून एकदा अंगठा घेतला होता. आताच्या गुरुग्रामने आपल्या सायकलवाल्यांकडून आणखी काही घेऊ नये. संध्याकाळी त्यांना धडधाकट घरी पोचू द्यावं, एवढीच मागणी आहे. ती पुरी करण्याचे अधिकार पोलिसांच्या खिशातल्या वहीत आहेत.